सातबारा जोडून आलेली मुलं

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे गुण हाती येतात आणि घराघरांत प्रवेशाच्या कागदांची जमवाजमव सुरू होते. इंजिनीअरिंगला जायचं असो की फार्मसीला, फाईल साधारण सारखीच असते: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा, जातीचा, उत्पन्नाचा दाखला. कृषी पदवीला अर्ज करणारी मुलं त्यात एक जादा कागद जोडतात. तो म्हणजे सातबारा. घरात शेती असल्याचं त्यावरून आणि महसूल खात्याच्या दाखल्यावरून सिद्ध झालं, की विद्यार्थ्याच्या गुणांत अधिभार मिळतो आणि गुणवत्ता यादीत त्याचं नाव वर सरकतं. डॉक्टरांच्या मुलांना वैद्यकीय प्रवेशात असे जादा गुण मिळत नाहीत. शेतकऱ्याच्या मुलामुलींना मात्र शेतीचं शिक्षण घेताना ते मिळतात.

शेतात वाढलेलं मूल महाविद्यालयाची पायरी चढण्याआधीच काहीतरी शिकून आलेलं असतं, असं या तरतुदीत गृहीत धरलेलं आहे. ते गृहीतक खरं आहे आणि बरंच खोल आहे.

मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या काळ्या रानात वाढलेलं मूल एप्रिल-मे महिन्यात जमिनीला पडलेल्या भेगांवरून उड्या मारत मोठं होतं. मृगाचा पाऊस पडला तरी वडील लगेच तिफण बाहेर काढत नाहीत, हे ते पाहतं. ते रानात जातात, ढेकळाखालची माती मुठीत घेऊन दाबतात, मूठ उघडून तिचा गोळा फुटतो का ते बघतात आणि म्हणतात, ‘अजून वाफसा नाही, परवा बघू.’ ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला जावं लागतं. गव्हाला पाणी द्यायची पाळी रात्रीच्या लाइटची असेल, तर बॅटरी धरून दारं मोडायला बापाबरोबर जावं लागतं. गाय माजावर आलीय, शेळीनं खाणं सोडलंय, कपाशीच्या पानामागे तुडतुडे दिसायला लागलेत, हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. कामाच्या गडबडीत कानावर पडतं, डोळ्यांत भरतं आणि तिथेच राहतं.

हेच मूल कृषी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला मृदाशास्त्राच्या तासाला बसतं तेव्हा त्या भेगांना कारण मिळतं. दख्खनची काळी माती बेसाल्ट खडकापासून झाली आहे. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाण्यात फुगतात आणि सुकले की आकसतात, म्हणून उन्हाळ्यात जमीन फाटते. पावसानंतर मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली निथळतं, तिथे हवा शिरते, आणि लहान पोकळ्यांत पिकाला लागणारा ओलावा टिकून राहतो; हाच वडिलांचा वाफसा. बियाण्याला उगवायला ओल आणि हवा दोन्ही लागतात. निथळण्याआधीच पेरलं तर बी गुदमरतं आणि औताखाली जमीन दाबली जाते. प्रयोगशाळेत विद्यार्थी मातीचा नमुना तोलतात, 105 अंश सेल्सिअसच्या भट्टीत वाळवतात, पुन्हा तोलतात आणि ओलावा टक्क्यांत मांडतात. वडिलांची मूठ जे सांगत होती तेच इथे आकड्यात येतं. आकड्याचा फायदा असा, की तो दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या मातीतल्या माणसालाही सांगता येतो. मुठीचं ज्ञान ज्याच्या मुठीत असतं त्याच्याबरोबरच संपतं.

गव्हाचंही असंच. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी पहिलं पाणी चुकवायचं नाही, हे गहू पिकवणाऱ्या घरातली शेंबडी पोरंही सांगतात. कृषिविद्येच्या तासाला कळतं, की पेरणीनंतर साधारण 18 ते 21 दिवसांत गव्हाला मुकुटमुळं फुटतात. त्या वेळी जमीन कोरडी राहिली तर मुळं आणि फुटवे कमी येतात, आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी ती तूट भरून निघत नाही. घरचा नियम बरोबर होता. आता त्याचं कारण समजलं, त्यामुळे कुठे सैल करायचा आणि कुठे मुळीच नाही, हे ठरवता येतं.

काही वेळा मात्र घरचा समज चुकतो. चुनखडीच्या रानात सोयाबीन किंवा भुईमूग पिवळा पडला की पुष्कळ घरांत युरियाची गोणी फोडतात. पिवळं म्हणजे नत्र कमी, असा हिशेब. महाविद्यालयात शिकलेली मुलगी सुट्टीत घरी येते आणि पान हातात घेऊन नीट बघते. पिवळेपणा कोवळ्या, वरच्या पानांवर आहे आणि शिरा हिरव्याच आहेत. म्हणजे ही लोहाची कमतरता. नत्र कमी असतं तेव्हा आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. लोह त्या जमिनीत भरपूर असतं, पण चुनखडीमुळे सामू वाढलेला असतो आणि लोह मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. अशा वेळी युरियाचा उपयोग नसतो, हिराकसाची फवारणी करावी लागते. वडिलांना हे पटवणं परीक्षेपेक्षा अवघड जातं. एका वाफ्यात करून दाखवलं आणि नवी पानं हिरवी निघाली, की पुढच्या वर्षी वडीलच ते भावकीतल्या चार जणांना सांगतात.

शेतीचं शास्त्र मुळात शेतकऱ्याच्या नजरेतूनच सुरू झालं, याचे पुरावे महाराष्ट्रात जागोजागी आहेत. रब्बी ज्वारीची मालदांडी आपण आजही भाकरीसाठी मागून घेतो. तिचा ‘एम 35-1’ हा वाण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतूनच निवडून काढला गेला. म्हणजे मूळ माल शेतकऱ्यांचा होता, निवड शास्त्रज्ञांची. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी 1936 मध्ये आळंदीच्या डाळिंबांतून मऊ दाण्याचा ‘गणेश’ निवडला आणि पुढची अनेक दशकं महाराष्ट्राच्या डाळिंबबागा त्याच नावानं ओळखल्या गेल्या. याच्या शेजारी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे ठेवून पाहावेत. त्यांची शाळा तिसरीतच सुटलेली, जमीन दीड एकर. 1983 मध्ये ‘पटेल 3’ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, दरवर्षी वेगळ्या लावल्या आणि त्यातून ‘एचएमटी’ नावाचा बारीक दाण्याचा तांदूळ देशभर पोचला. पीक पैदासशास्त्राच्या पुस्तकात जिला निवड पद्धत म्हणतात, तीच ही. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित केला, तेव्हा श्रेयावरून वादही झाला. त्या वादातली खोब्रागडे यांची बाजू प्रत्येक कृषी महाविद्यालयात शिकवली जावी. हजारो लोंब्यांतली वेगळी लोंबी दिसणं हे या विद्येचं पहिलं कौशल्य आहे, आणि ते ज्याच्याकडे आहे त्याचं नाव नोंदवणं हे दुसरं.

शेतकऱ्याच्या मुलाला शेतीचं रीतसर शिक्षण मिळावं, ही मागणी महाराष्ट्रात नवी नाही. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही शिकवावं असं सुचवलं होतं. कृषी महाविद्यालयं त्यानंतर आली: नागपूरचं 1906 मध्ये, पुण्याचं 1907 मध्ये. पुण्याच्या महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान हे आसामात चहावर काम करून आलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे गाव निवडून तिथलं एकेक वावर, एकेक घर तपासलं आणि 1917 मध्ये ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. 1771 मध्ये त्या गावात सरासरी 40 एकरांचं खातं होतं. 1915 च्या सुमाराला ते 7 एकरांवर आलं होतं. आज तिथे उंच इमारती उभ्या आहेत, पण मान यांनी दाखवलेला वाटणीचा प्रश्न उरलेल्या महाराष्ट्रातून कुठेही गेलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांची मागणी इतकी तापली, की अकोला आणि परभणीसाठी लोक रस्त्यावर उतरले. 1968 मध्ये राहुरी, 1969 मध्ये अकोला, 1972 मध्ये परभणी आणि दापोली, अशी चार कृषी विद्यापीठं उभी राहिली. राहुरीच्या विद्यापीठाला पुढे फुल्यांचंच नाव मिळालं. दापोली विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्रातून हापूस आणि नीलमच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा आला, परभणीतून केवड्याला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी आली, राहुरीत गीर, जर्सी आणि होल्स्टीन यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार झाली. या कामांतले कितीतरी हात शेतकरी घरातलेच होते.

आता दुसरी बाजू. सातबारा जोडणाऱ्या प्रत्येक मुलानं तिफण धरलेली असते, असं मुळीच नाही. पेरणी ट्रॅक्टरनं होते, तण खुरपण्याऐवजी तणनाशकानं जातं, बैलजोडी बऱ्याच घरांतून गेली. चांगल्या परिस्थितीतले आईवडील मुलाला मुद्दाम रानापासून दूर ठेवतात. तालुक्याच्या शाळेची बस दाराशी येते आणि सुट्टीत क्लास असतो. अशी मुलं महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर पहिल्यांदा खुरपं हातात घेतात, आणि शेजारी शहरातून आलेली मुलगी त्यांच्याइतकीच नवखी असते. जादा गुणांमागचं गृहीतक त्यांच्या बाबतीत कागदावरच राहतं. म्हणून तो अधिभार काढून टाकावा, असं कुणी म्हणू नये. त्या घराला दुष्काळ माहीत असतो, बाजारात माल विकून रिकाम्या हातानं येणं माहीत असतं, आणि हे माहीत असणं शेतीच्या अधिकाऱ्याला अतिशय गरजेचं आहे.

मुलींच्या बाबतीत हा कागद आणखी वेगळा बोलतो. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, बी राखून ठेवणं ही कामं घरोघरी बायकाच करतात, मुली लहानपणापासून त्यांच्या मागे असतात. सातबाऱ्यावर मात्र नाव बहुधा वडिलांचं, पुढे भावाचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळा पाहिली नाही, पण देशी वाणांची बियाणं जपली आणि त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली. कृषीचे विद्यार्थी आज त्यांची बियाणं बँक पाहायला जातात. अशा घरातल्या मुलींना स्वतः पदवीपर्यंत पोचता यावं, यासाठी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं घेतलेला निर्णय मोठा आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक पदवीचं पूर्ण शिक्षण शुल्क माफ झालं. शिवाय अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली तर खर्च आवाक्यात राहतो. खासगी महाविद्यालयांची संख्या बरीच जास्त आहे आणि तिथे राहणं-जेवण धरून होणारा खर्च एखाद्या कोरडवाहू घराला वर्षाच्या सोयाबीनएवढा पडतो. प्रवेशाआधी या योजनांची चौकशी करणं, प्रक्षेत्र आणि प्रयोगशाळा स्वतः जाऊन पाहणं हे पालकांनी टाळू नये.

चार वर्षांच्या या शिक्षणात घर आणि वर्ग सर्वांत जवळ येतात ते शेवटच्या वर्षी. ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम, म्हणजे मुलांच्या तोंडी ‘रावे’. विद्यार्थी काही आठवडे गावात राहतात. ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ या नावांनी त्यांची छायाचित्रं स्थानिक वर्तमानपत्रांत येतात, आणि छायाचित्रात बहुतेक वेळा एकच प्रसंग असतो: बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचं प्रात्यक्षिक. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवायचे, भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची, लोखंडी नकोत. मिश्रण झालं की त्यात लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, फवारलं तर पानं भाजतील. ही परीक्षा इतकी सोपी आणि दिसणारी आहे, की गावातली म्हातारी माणसंही उठून बघायला येतात.

दुसरं प्रात्यक्षिक कमी छायाचित्रांत येतं, पण जास्त कामाचं आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात रांगेनं ठेवायचे, गुंडाळी सावलीत ठेवून ओली राखायची आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. सोयाबीनचे 70 उगवले तर बियाणं ठीक, 50 उगवले तर एक तर बी जास्त टाका किंवा दुसरं शोधा. सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक असतं. मळणी यंत्राचा वेग वाढला, पोती उंचावरून आपटली, साठवणीत ओल राहिली, की आतला कोंब मरतो आणि वरून दाणा चांगलाच दिसतो. 2020 च्या खरिपात बियाणं उगवलंच नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या, दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्यांच्या अंगावर आला. ज्या घरांत मे महिन्यात कुणीतरी गोणपाट भिजवलं होतं, त्यांना निदान आधी कळलं. कृषी पदवीला गेलेल्या मुलानं घरासाठी पहिल्याच वर्षी करावं असं हे काम आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

रावेतल्या मुलांना गावकरी खताबद्दल, किडीबद्दल विचारतात, आणि मग विचारतात, ‘भाव काय राहील?’ या प्रश्नाला अभ्यासक्रमात कृषी अर्थशास्त्राची प्रकरणं आहेत, पण उत्तर नाही. मुलं इथे गप्प होतात. याच प्रश्नातून पुढचा, सर्वांत मोठा निर्णय निघतो: पदवी घेऊन परत यायचं की नाही.

कृषी गणनेनुसार 1970-71 मध्ये महाराष्ट्रातलं सरासरी खातं 4.28 हेक्टरांचं होतं, 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टर झालं. दोन भावांत ते आणखी वाटलं जाणार. अशा घरात वडील मुलाला सांगतात, ‘आम्ही राबलो तेवढं बास. तू साहेब हो.’ आणि मुलगा राज्यसेवा, कृषी सेवा, बँकेतला कृषी अधिकारी अशा परीक्षांच्या अभ्यासिकेत जाऊन बसतो. स्पर्धा परीक्षांच्या निकालांत कृषी पदवीधर नेहमी ठळक दिसतात. यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. घर सावरण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते. दुःखाची गोष्ट एवढीच, की त्यांतली पुष्कळ मुलं तिसऱ्या वर्षापासूनच प्रक्षेत्रावर मनानं नसतात. शेतातून आणलेली नजर आणि वर्गात मिळालेलं कारण, दोन्ही हातात असताना तिसऱ्याच पुस्तकात डोकं घालावं लागतं. काहींच्या वाट्याला चार-पाच वर्षं अभ्यासिका आणि शेवटी काहीच न मिळणं येतं, आणि तोवर रान ठोक्यानं किंवा बटाईनं दिलेलं असतं.

परत आलेलेही आहेत. नाशिकजवळच्या आडगावचे विलास शिंदे शेतकरी घरातले. राहुरीच्या विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते शेतीकडे वळले, सुरुवातीची बरीच वर्षं तोट्यात गेली. मग त्यांनी पीक बदलत बसण्याऐवजी विक्रीची साखळीच हातात घ्यायचं ठरवलं. शेतकऱ्यांच्या एका छोट्या गटानं द्राक्षनिर्यात सुरू केली आणि त्यातून दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांच्या मालकीची उत्पादक कंपनी उभी राहिली. शीतगृह, प्रतवारी, निर्यात, टोमॅटोवर प्रक्रिया, सगळं एका आवारात. रावेतल्या मुलांना गप्प करणाऱ्या भावाच्या प्रश्नाला महाराष्ट्रात मिळालेल्या मोजक्या ठोस उत्तरांपैकी हे एक आहे, आणि ते शेतात वाढलेल्या एका अभियंत्यानं शेतकऱ्यांना बरोबर घेऊन दिलं.

सगळे इतकं मोठं काम उभं करू शकत नाहीत. गावाकडे राहणाऱ्या पदवीधराचा नेहमीचा मार्ग म्हणजे तालुक्याच्या रस्त्यावरचं कृषी सेवा केंद्र. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी आता कृषी किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयातलं शिक्षण लागतं, त्यामुळे काउंटरमागे शिकलेला माणूस बसू लागला, हा चांगला बदल आहे. शेतकरी पिशवीत चार पानं घालून येतो, काउंटरवर ओततो आणि विचारतो, ‘दादा, काय मारू?’ दुकानदारानं पान उलटून पाहिलं तर त्याला कळतं, की लोह कमी पडलंय, स्वस्तातल्या हिराकसानं भागेल. मागच्या फळीवरच्या महागड्या बाटलीवर कमिशन जास्त असतं. सल्ला आणि विक्री एकाच माणसाच्या हातात असल्यामुळे हा पेच त्याच्यापुढे रोज येतो. विद्यापीठांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांनी या पदवीधरांना फक्त सल्ल्याचे, माती-पान तपासणीचे पैसे मिळतील अशी सोय तालुक्याच्या पातळीवर उभी केली, तर पान उलटून पाहणाऱ्या माणसाला बाटली विकल्याशिवाय संसार चालवता येईल, आणि अभ्यासिकेत बसलेल्यांपैकी काहींना गावाकडे येण्यासारखं दुसरं कामही मिळेल.